शिजलेली कुर्ली चालते कशी?

आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. ते मला कुणी दिलेलं नाही, मीच बळकावलंय. नामकरण असो, साखरपुडा असो, चार माणसं जमली की मी घसा साफ करतो आणि बायको चहा ठेवायला उठते. ती म्हणते, "याचं सुरू झालं की चहा उकळून, गाळून, पिऊन, कप धुऊन होतात, तरी हा अजून जिन्यातच असतो." खोटं नाही. मला गोष्ट ताणायला आवडते. या खोडीमुळे सात मिनिटांचं एक जुनं कार्टून कायमचं बिघडता बिघडता वाचलं. ती हकीकत आज न ताणता सांगतो. बायको म्हणाली, "बघूया."

कार्टून माझ्या आत्याचं. म्हणजे तिने रंगवलेलं. आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. परळच्या आमच्या चाळीत दोन दारं सोडून राहते. वीस वर्षांची असताना ती दादरला एका लहानशा स्टुडिओत कामाला लागली. चाळीतल्या मुली तेव्हा शिवणाला जायच्या, नर्सिंगला जायच्या, ही कार्टूनच्या कारखान्यात गेली. आजोबा मिलमध्ये होते. पोरगी नक्की काय करते हे त्यांना शेवटपर्यंत धड सांगता आलं नाही. मिलमध्ये कुणी विचारलं की म्हणायचे, "प्लास्टिकला रंग देते." लोकांना वाटायचं, बादल्या बनवते.

कार्टून म्हणजे साहेबाच्या देशातली वस्तू, अशीच आमच्या पिढीची समजूत. चाळीत एकाच घरी टीव्ही होता. रविवारी त्याच्यासमोर आम्ही सगळी पोरं मांडीला मांडी लावून बसायचो आणि परदेशातले प्राणी एकमेकांना बदडताना बघून खूश व्हायचो. आपली माणसं दादरला एका दुसऱ्या मजल्यावर बसून आपली कार्टूनं काढतायत, याचा आम्हाला पत्ता नव्हता. माझी सख्खी आत्या त्यातली एक होती, तरीही. ती कार्टूनं थिएटरात मोठ्या सिनेमाच्या आधी लागायची. पाणी उकळून प्या, लस टोचून घ्या, सही करायला शिका. लोक तेव्हा अंधारात खुर्चीचा नंबर शोधत असायचे, नाहीतर बाहेर वेफर्स घेत असायचे.

आणि मेहनत किती! पाय उचलून खाली टेकवायचा, एवढ्यालाच डझनभर चित्रं. प्रत्येक चित्र पारदर्शक प्लास्टिकच्या तावावर. त्याला सेल म्हणायचे. पुढच्या बाजूने शाईची रेघ आणि मागच्या बाजूने रंग, म्हणजे रेघेवर ब्रशचा डाग पडत नाही. सात-आठ मुली हातात पांढरे सुती मोजे घालून ओळीने बसायच्या आणि दिवसभर मागून रंग भरायच्या. एकावर एक ताव ठेवले की खालच्या तावाचा रंग मळकट दिसतो, म्हणून खालच्यासाठी तोच रंग थोडा उजळ कालवायचा. हे सगळं डोळ्याने. रंगांच्या बाटल्यांवर स्टुडिओ चालवणाऱ्या मास्तरांनी नंबर टाकलेले होते, पण मुलींनी आपली नावं ठेवली होती. नाचणीची भाकरी. वालाचं साल. सोलकढी. आत्या अजूनही साडी घेताना दुकानदाराला म्हणते, "सोलकढीत दाखव, पण पातळ नको." तो बिचारा मालकाकडे बघतो.

आता त्या सात मिनिटांबद्दल. माहीमच्या खाडीत एक कुर्ली असते, म्हणजे खेकडा. तिला लोकांनी फेकलेला पत्र्याचा डबा सापडतो. तिला वाटतं, झकास खोली मिळाली. ती आत राहायला जाते, खाते, पिते, मोठी होते आणि एक दिवस तिला बाहेर पडता येत नाही. कचरा पाण्यात टाकू नका, असा एकूण उपदेश. मुंबईतल्या माणसाला मात्र ती खोलीचीच गोष्ट वाटायची.

मास्तरांनी कुर्लीसाठी रंग काढून दिला, लालभडक. मुली कामाला लागल्या. नवीन लागलेली आमची आत्या उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ही शिजलेली आहे."

मास्तर शाकाहारी. त्यांनी कुर्ली पाहिली होती ती परदेशी कार्टूनांत आणि तिथे ती लालच असते. जगभरच्या चित्रकारांनी कुर्ली ताटातच पाहिली असावी, असं आत्याचं मत आहे. दुसऱ्या दिवशी आजीने पत्र्याच्या डब्यात घालून एक जिवंत कुर्ली दिली. आत्याने ती मास्तरांच्या टेबलावर ठेवली. मास्तर खुर्चीवर चढले. तिथूनच म्हणाले, "ठीक आहे, तू काढ रंग." आत्याने दोन दिवस खपून रंग कालवला आणि पहिल्यांदा एका बाटलीवर तिच्या हातचा नंबर पडला. पुढे दहा-बारा वर्षं ती त्या नोकरीत होती, पण तिचं नाव कुठल्याच कार्टूनवर आलं नाही. रंग भरणाऱ्या मुलींची नावं घालायची पद्धत नव्हती.

वाया गेलेले ताव तिने घरी आणून ट्रंकेत ठेवले होते. कुर्लीचेही होते, पुष्कळ. इथे माझा प्रवेश होतो. मी तेव्हा चौथीत होतो. वह्यांना प्लास्टिकची कव्हरं घालून येणारी मुलं मला फार श्रीमंत वाटायची. आमच्या घरात ट्रंकभर प्लास्टिक होतं, फक्त त्यावर कुणीतरी रंग लावून ठेवला होता. एका दुपारी मी ते सगळे ताव चाळीच्या नळावर नेले आणि कपड्याच्या साबणाने घासून लख्ख केले. त्या वर्षी वर्गात माझ्याइतकी चकचकीत वही कुणाची नव्हती. घरात मी तोंड उघडलं नाही. आत्याने ट्रंक उघडली असेल, नसेल. विषय कधी निघाला नाही. म्हणजे मीच कधी निघू दिला नाही. एरवी कुठलीही गोष्ट तासभर सांगणारा मी.

मधली सगळी वर्षं गाळतो (बायकोने मान डोलावली). स्टुडिओ बंद पडला, आत्या बालवाडीत लागली, निवृत्त झाली. माझी मुलगी मोठी होऊन लोअर परळला जुन्या फिल्मा दुरुस्त करणाऱ्या एका ऑफिसात कामाला लागली. गेल्या वर्षी तिथे कुणाच्या तरी माळ्यावरून फिल्मचे गंजलेले डबे आले. एक रीळ लावलं तर माहीमची खाडी आणि तिच्यात कुर्ली. मुलगी घरी येऊन दारातूनच ओरडली, "आत्याआजी, तुझं पिक्चर सापडलं!"

आत्या वाटाणे सोलत होती. ती म्हणाली, "सगळं?"

"सगळं. सातच्या सात मिनिटं."

आत्याने उरलेले वाटाणे तसेच ठेवले आणि साडी बदलायला गेली. संध्याकाळचे सहा वाजले होते. तिला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवताना आमची पुरेवाट झाली.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन गेलो. जुन्या रंगीत फिल्मचा एक रोग असतो. वर्षं गेली की तिचे बाकीचे रंग उडतात आणि सगळं गुलाबी होऊन बसतं. मग कॉम्प्युटरवर एकेक रंग परत आणावा लागतो. ते काम करणारा मुलगा इंदूरचा मराठी, अतिशय गुणी, अंडंसुद्धा न खाणारा. त्याने पडद्यावर चित्र लावलं. निळीशार खाडी, पिवळी वाळू, आणि वाळूवर तुरुतुरु चालणारी लालचुटुक कुर्ली.

आत्या पुढे वाकली. मला वाटलं, आता डोळे पुसणार. ती म्हणाली, "ही शिजवली कुणी?"

"जी?" इंदूरकर म्हणाला.

"अरे, शिजलेली कुर्ली चालते कशी?"

मी मुलीकडे पाहिलं. लालबाग-परळची पोर ही, जन्मभर कुर्ल्या ओरपलेली. ती पुटपुटली, "मला वाटलं कार्टून आहे, असेल लाल."

आत्या सांगत होती, शेवाळी म्हणजे कसं, करडं कुठे, नांग्यांच्या सांध्यांत निळं किती. इंदूरकर भराभर बटणं फिरवत होता. कुर्ली हिरवी झाली, तपकिरी झाली, एकदा तर जांभळी झाली. प्रत्येक वेळी आत्या म्हणायची, "नाही." तेवढ्यात तिथल्या मोठ्या बाई आल्या. त्यांनी नम्रपणे विचारलं, "आजी, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय?"

झालं नव्हतं. आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तीन वर्षं ती तारखा पुढे ढकलत होती. आणि मोतीबिंदूमागून जग पिवळट दिसतं, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. बाई म्हणाल्या, "मग रंग कसे सांगणार तुम्ही? पंधरा दिवसांनी लोकांना दाखवायचंय. पुरावा काही आहे का? एखादं मूळ चित्र, एखादा सेल? नसेल तर लाल राहू दे. लोकांना ओळखीचं वाटेल."

मी खिडकी शोधू लागलो, बाहेर बघायला. त्या खोलीला खिडकी नव्हती.

खाली आल्यावर आत्या पायरीवरच बसली. "त्या पिक्चरमध्ये माझं काय आहे सांग," ती म्हणाली. "नाव नाही. चित्र मास्तरांचं, गोष्ट मास्तरांची. माझा तेवढा एक रंग आहे. तोच चुकीचा लागला तर मी तिथे होते की नव्हते, सारखंच."

मी म्हटलं, "रिक्षा बघू का?"

"इकडे रिक्षा येत नाही, एवढंपण विसरलास?" आत्या म्हणाली. आणि एकदम माझ्या हातावर चापट मारली. "ऐक. माझ्या डोळ्यावर पिवळं आहे ना? मग ते कुर्लीवर पण पडणार आणि त्याच्या टीव्हीवर पण. जिवंत कुर्ली शेजारी ठेवायची. मला दोन्ही सारख्या दिसल्या म्हणजे दोन्ही सारख्या आहेत."

मागोमाग खाली आलेल्या मुलीने वर फोन केला. इंदूरकर पलीकडून म्हणाला, "आजी एकदम करेक्ट बोलतायत. सोमवारी दहाला या. पण ती... चावेल का?"

कुर्ली आणायची जबाबदारी मी घेतली. रविवारी संध्याकाळी बाजारातून दोन निवडल्या, चांगल्या भरलेल्या. नांग्या सुतळीने बांधून घेतल्या. घरी येऊन मोरीत ओल्या गोणपाटाखाली ठेवल्या. बायको म्हणाली, "आज काय विशेष?" इथे मी दोन शब्दांत सांगू शकलो असतो. पण एवढी छान गोष्ट, मोतीबिंदू, मास्तर, खुर्ची. ती काय अशी मोरीशी उभं राहून सांगायची? म्हटलं, "सांगतो, जेवताना निवांत सांगतो." आणि केस कापायला खाली गेलो.

न्हाव्याकडे गर्दी होती. परत आलो तेव्हा जिन्यातच वास आला. वाटण भाजल्याचा, तिरफळाचा. आमच्या अख्ख्या चाळीत असं एक घर नाही, जिथे रविवारी जिवंत कुर्ली आणून ठेवली आणि तिचा रस्सा झाला नाही. बायकोने कुठलाही माणूस करेल तेच केलं होतं. पातेल्यात दोन्ही कुर्ल्या लाल होऊन पडल्या होत्या. अगदी इंदूरकराने पडद्यावर लावला होता तोच लाल.

"आता सांग," बायको म्हणाली. "काय सांगणार होतास?"

मी सांगितलं. पहिल्यांदाच दीड मिनिटात. तिने कपाळावर हात मारला. मग दोघं जेवलो. खोटं कशाला बोलू, रस्सा मी दोन वाट्या घेतला.

सकाळी सहाला आत्याच्या दारात गेलो. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "मला हाक नाही मारलीस जेवायला?" आणि पायात चपला घातल्या. "चल माहीमला. तुझ्या भरवशावर राहिले तर पिक्चरमध्ये तिरफळं तरंगतील."

माहीमला खाडीच्या काठी कोळीवाड्यात एक मावशी टोपलीवर ओला कपडा टाकून बसल्या होत्या. आत्याने एकेक चिंबोरी उचलून उजेडात धरायला सुरुवात केली. तिकडे चिंबोरीच म्हणतात. पाठ बघायची, पोट बघायचं, ठेवायची. मावशी चांगली भरलेली पुढे करत होत्या, आत्या ती बाजूला सारत होती.

"गो बाय," मावशी शेवटी वैतागल्या, "खायची हाय का सून करून न्यायची हाय?"

"कामाला न्यायची आहे," आत्या म्हणाली. "ही द्या. अंगाने बारीक आहे, पण रंगाने चोख."

टॅक्सीत पिशवी माझ्या पायाशी होती. आत खसफस चालली होती. त्या आवाजाने की काय, मला राहवलं नाही. "आत्या, ट्रंकेतले ते ताव," मी म्हटलं. "ते मी धुतले होते. चौथीत असताना."

"माहीत आहे."

"कसं?"

"तुझ्या भूगोलाच्या वहीवर कुर्लीचा एक डोळा राहिला होता. वर्षभर माझ्याकडे बघायचा." ती बाहेर पाहत होती. "स्टुडिओत पण आम्ही धुऊनच वापरायचो रे ताव. प्लास्टिक महाग होतं. मीच हजारो धुतले असतील. तू काय, घरचाच माणूस."

चाळीसेक वर्षं मी जे उराशी धरून बसलो होतो, ते असं माहीम ते लोअर परळच्या मध्ये कुठेतरी उतरून गेलं. जरा वाईटही वाटलं. यावर केवढी मोठी गोष्ट रचता आली असती.

ऑफिसात इंदूरकराने काचेचं भांडं आणि दिवसाच्या उजेडासारखा दिवा तयार ठेवला होता. कुर्ली भांड्यात सोडली तसे तिथले चौघेजण भिंतीला टेकले. आत्या मधोमध बसली, एक नजर भांड्यावर, एक पडद्यावर. "उजळ कर. आणखी. शेवाळात थोडी नाचणी घाल. अरे, नाचणी म्हणजे... तो चहा ठेवलाय ना तुझा, त्याच्यापेक्षा जरा काळपट. हां. आता सांध्यात निळं, पण चिमटीभर." इंदूरकर मध्येच थांबला. "आजी, या सीनमध्ये ती डब्याच्या आत जाते तेव्हा थोडी फिकी का होते?"

"आत गेली की खालच्या तावावर जाते. तिथे मी उजळ कालवला होता, पण मास्तरांनी वर आणखी एक ताव वाढवला पाण्याचा आणि मला सांगितलं नाही. त्यामुळे हिशोब चुकला. राहू दे तो तसाच. ती त्यांची चूक आहे, दिसू दे."

मोठ्या बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या आत आल्या, भांड्यात बघितलं, पडद्याकडे बघितलं, पुन्हा भांड्यात बघितलं. मग स्वतःची खुर्ची ओढून आत्याच्या मागे बसल्या. लाल रंगाचा विषय त्यांनी परत काढला नाही.

साडेतीनला आत्या म्हणाली, "झालं." पडद्यावरची कुर्ली आणि भांड्यातली कुर्ली एकमेकींच्या बहिणी शोभत होत्या. इंदूरकर भांड्यातल्या कुर्लीला हात जोडून म्हणाला, "आता हिला खाडीत सोडून येऊ या?"

"सोडू?" आत्याने भांड्यावर झाकण ठेवलं. "काल मला कुणी जेवायला हाक मारली नाही."

त्यानंतर तीन दिवसांनी आत्या आपण होऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. तीन वर्षं का टाळलं, ते तिने तेव्हा सांगितलं. ऑपरेशननंतर रंग बदलतात असं तिने ऐकलं होतं. डोक्यात जपून ठेवलेले सगळे रंग बदलले तर काय, ही भीती. आता एक तरी बाहेर उतरवून ठेवला होता. एक डोळा लगेच झाला.

कार्टून दाखवलं आमच्याच भागात, बुद्धविहाराच्या हॉलमध्ये, भर दुपारी पडदे ओढून. हे मुलीने जमवलं. चाळकरी, विहारातल्या बायका, त्यांची पोरं, इंदूरकर आणि मोठ्या बाई. माहीमच्या मावशींनाही मी आग्रहाने आणलं होतं. त्या पहिल्या रांगेत बसल्या. सुरुवातीला काळ्या पडद्यावर नवीन पाटी आली, 'रंग' आणि त्याच्यापुढे आत्याचं नाव, आडनावासकट. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या म्हणाली, "गप्प बसा, सुरू झालंय."

तिने काळा चष्मा काढला. मी पडद्याकडे बघितलंच नाही, तिच्याकडे बघत होतो. नव्या डोळ्याला काय दिसतंय, कुणास ठाऊक. दगडामागून कुर्ली बाहेर आली. पुढून मावशींचा आवाज आला, "अगो बाय, ही तर आमच्याकडचीच!" हॉल हसला. आत्या हसली नाही. ती मान पुढे करून पाठ बघत होती, नांग्या बघत होती, सांधे बघत होती, जशी माहीमला उजेडात धरून बघितली होती. कुर्ली डब्यापाशी पोचली, तेव्हा तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तोच."

मी आता कुठे पडद्याकडे वळलो. पण हात गुडघ्यावरच होता आणि तो आता दाबत होता.

"पाणी बघ," आत्या म्हणाली. "अरे, हे काय पाणी आहे? नीळ ओतलीय मेल्याने!"

मागून इंदूरकर कळवळला, "आजी, त्या दिवशी पाण्याला तुम्हीच म्हणालात. आणखी निळं, आणखी निळं."

"म्हणाले असेन. तेव्हा मला पिवळं दिसत होतं. पाणी कुठे आणलं होतं आपण शेजारी ठेवायला?" ती पूर्ण वळून बसली. कार्टून पुढे चालूच होतं, तिकडे तिची पाठ. "पुसता येतं ना हे? का पक्कं झालं?"

"पुसता येतं आजी. कधीही."

"मग खाडीवर जाऊन बघावं लागेल. भरतीचं पाणी बघायचं, ओहोटीचं नाही. ओहोटीला सगळं नाचणी होतं."

"भरती कधी असते?" त्याने मोबाईल काढला.

"त्यात काय बघतोस, मला विचार," मावशी पुढून ओरडल्या. त्यांनी बोटांवर तिथी मोजायला घेतली. चाळीतला एकजण म्हणाला, सकाळी असते. दुसरा म्हणाला, रोज वेळ सरकते. पोरं ओरडू लागली, गप्प बसा, कुर्ली अडकलीय! आणि त्या गोंधळात इंदूरकर मावशी सांगतील ती वेळ लिहून घेत होता, आणि आत्या त्याला बजावत होती की दुसऱ्या डोळ्याची तारीख गुरुवारची आहे, त्याच्या नंतरची भरती धर.